नव्व्याण्णव कोकरं आणि काळी शेळी

परभणी, शुक्रवार

तीर्थरूप बिरदेवमामांना,

दीपिकाचा दंडवत. मामीचा गुडघा कसा आहे? काळ्या शेळीचं शिंग भरून आलं का? (गुडघ्याची चौकशी आधी केली आहे, हे मामीला दाखवा.) फोनच करणार होते, पण बुधवारपासून तुम्ही मोबाईल ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला आहे असं कळलं. म्हणून हा कागद, ताडकळसच्या बाजाराला निघालेल्या दिनकररावांच्या हाती.

तुमची मेंढी व्याली आणि तिला नव्व्याण्णव कोकरं झाली, असा निरोप आमच्या ॲपवरून आला ना? मामा, तो एकट्या तुम्हाला नाही, जिल्ह्यातल्या साडेआठशे मेंढपाळांना गेला. आमच्या कंपनीत (मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या) कोड तपासून बघायला वेगळी जागाच नव्हती. जे करायचं ते लोकांच्या हातातल्या चालू ॲपमध्येच. जुना कोड जपायची पद्धत म्हणजे फायलींची नावं: ‘शेवटचा’, ‘शेवटचा नवा’, ‘हाच खरा शेवटचा’ आणि ‘वाल्मीकला विचारा’. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकोनात. हा वाल्मीक माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. निरोप जातो का ते बघायला त्याने काहीतरी आकडा हवा म्हणून नव्व्याण्णव टाकला, बटण दाबलं आणि चहाला गेला. तो परत येईपर्यंत ऑफिसचे फोन तापले होते. चुडाव्याच्या कडूबाईंचा मीच घेतला. “माय, मह्यापशी तं एकच कोकरू हाय. बाकीचे अठ्ठ्याण्णव आमच्या दिरानं नेले का, तेवढं सांग!” (दिराशी भांडण जुनंच होतं. आम्ही फक्त पुरावा पुरवला.)

आमचे मालक आबासाहेब म्हणाले, “व्हतंय कधीमधी. लोक चार दिसांत इसरतेत.”

मामा, मी उठले. शाळेत असताना मानवतच्या वक्तृत्व स्पर्धेत माईक बंद पडला तरी मी थांबले नव्हते, इथे तर माईकच नव्हता. मी म्हणाले, आबासाहेब, माझा मामा ओढा ओलांडताना दोनशे मेंढरं एकदम पाण्यात घालत नाही. आधी काळी शेळी उतरते. ती पलीकडे जाऊन अंग झटकते, मग कळप उतरतो. ज्याने कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही त्याला हे कळतं, आणि पदव्या भिंतीला टांगून बसलेल्या आपल्याला कळत नाही? पाणी किती खोल आहे हे बघायला साडेआठशे कळप बुडवायचे? गेल्या वर्षी आंत्रविषाराच्या लसीचा निरोप मिळाला नाही आणि मामाची अकरा कोकरं एका आठवड्यात गेली. तेवढ्यासाठी मी पुण्याची नोकरी सोडून इथे आले. येत्या सोमवारी ताडकळसला तीच लस आहे. तो निरोप खरा असेल, पण नव्व्याण्णव कोकरांनंतर आपलं खरं कोण मानणार?

वाल्मीकने तोंडाशी नेलेला चहा खाली ठेवला. आबासाहेब कॅलेंडरकडे बघून म्हणाले, “मंग तूच बघ की समदं.”

तर आता समदं मीच बघते. दोघांनी वाचल्याशिवाय बदल ॲपवर चढत नाही. जुना कोड तारखेवार ठेवला जातो. कॅलेंडर उतरवलं आहे. (वाल्मीकने नवा पासवर्ड कुठे लिहिला ते तो सांगत नाही. ही प्रगती समजावी.) आणि कुठलाही बदल आधी एकाच कळपाला, तो नीट चालला की बाकीच्यांना. मामा, ही कंपनी मी सुधारणार म्हणजे सुधारणार.

तुम्ही एवढंच करा. सोमवारी कळप घेऊन लसीला सगळ्यांच्या आधी उभे राहा. गावाचा ॲपवर विश्वास उरला नाही, पण तुमच्या मागे येतील.

तुमची भाची,
दीपिका

ता. क. मोबाईल कोठीतून बाहेर काढा. वर जो ‘एकच कळप’ लिहिला आहे, त्यापुढे मी तुमचं नाव घातलं आहे.

पुन्हा ता. क. काळ्या शेळीला आपण कधी विचारत नाही, पण तुम्ही मामा आहात, म्हणून विचारते: चालेल ना? उत्तर सोमवारच्या आत कळवा. बदल आज सकाळीच तुमच्या ॲपवर चढवला आहे. मेंढरांच्या जागी कोंबड्या दिसल्या तर काही दाबू नका, आणि अंड्यांचा आकडा मागितला तर देऊ नका.