तीन रिळांचा क्रम

मी, सौ. शलाका कृष्णराव दिघे, वय ७३, राहणार अन्नपूर्णा, इंदूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. आज सकाळीच प्रोजेक्टरचा पट्टा चष्म्याशिवाय बदलला.

१. माझ्या नावचा फ्लॅट मुलगी प्राचीला. तिच्या बाबांना तिथे हयातभर राहू द्यावे. त्यांची पुस्तके हलवू नयेत, ते चिडतात.

२. दागिने नातीला, पलकला. मोडून दुसरे केले तरी माझी हरकत नाही.

३. प्रोजेक्टर व रिळे जोडण्याचे यंत्र प्राचीला. कृष्णरावांचा त्यावर हक्क नाही. आमच्या फिल्म सोसायटीत तीस वर्षे ते सिनेमाचा अर्थ सांगत आणि मी मागे यंत्र चालवत असे. सगळ्यांसमोर म्हणत, "मशीन ही बघते, मतलब आम्ही बघतो." लोक हसत. मला ते लागे, अजून लागते.

४. तीन रिळांचा एक सिनेमा माझ्याजवळ आहे. दुसऱ्या रिळाच्या शेवटी नायिका दार उघडते, तिसऱ्यात तिचे मरण. १९८३ साली, खेळाच्या आदल्या दिवशी रिळे गुंडाळताना माझ्याकडून या दोन डब्यांची अदलाबदल झाली. बाई आधी मेली, नंतर दार उघडून उभी राहिली आणि दिवे लागले. मी घाबरून गप्प बसले. कृष्णराव मात्र उठून तासभर बोलले: पडद्यावरचे माणूस मेल्यावरही परत येते, कारण ते माणूस नसून त्याची खूण असते. त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, नाव झाले. तो सिनेमा इंदुरात पुन्हा कुणी दाखवला नाही. गेल्या वर्षी प्राचीला सांगितले तर म्हणाली, "आई, अब रहने दे ना, बाबा कोसळतील."

पण हे लपवून मला जायचे नाही. अहो, ऐका. क्रम चुकला होता. तुम्हाला जे दिसले ते मात्र पडद्यावर होते. मीही ते पाहिले आणि यंत्रामागे रडले. तुमचा ग्रंथ मी तीनदा वाचला आहे.

५. माझ्या तेराव्याला भाषण नको. हाच सिनेमा दाखवावा. यंत्र कृष्णरावांनी स्वतः चालवावे. प्राचीने त्यांना शिकवावे. डब्यांवर मी खडूने नवे आकडे घातले आहेत. रिळे त्याच क्रमाने लावावीत. आधी मरण, मग दार.

साक्षीदार: संजीव शिर्के, निधी वैद्य (आम्हा दोघांसमक्ष सही केली)

शलाका कृष्णराव दिघे
इंदूर, ९ फेब्रुवारी २०२४