पाच तोळ्यांचा शब्द

आबा,

पुन्हा तेच केलंत ना? निकिताच्या सुपारीला चार माणसांत पाच तोळं बोलून मोकळं झालात! वर म्हणलात, "आमचा परमेश्वर सोन्याच्या खाणीवर हाय." मला एकदा तरी इचारायचं!

खाण बंद हाय म्हणून दिवाळीलाच सांगितलं होतं. तुमी हसलात, "लेका, सोनंवाले असंच म्हणतेत."

आबा, खाण बंद पडून वीस वर्षं उलटली. आत पाणी भरलंय. इंग्रजांनी कोसकोस खोल खणलं, बंगले बांधले, सोनं विलायतेला नेलं. मागं उपसलेल्या मातीचे पांढरे डोंगर राहिलेत. लोक ते बघायला येतेत, फोटो काढतेत अन् तहान लागली की आमच्या रसवंतीवर बसतेत. मी ऊस पिळतो, आबा. इथली पोरं रोज पहाटं रेल्वेनं बंगळूरला कामाला जातेत, अन् मी इथं सोनं कुठून आणू?

काल निकिताचा फोन आला. "दादा, पाहुणे म्हणाले, सोनं दिसल्याबिगर हळद लागणार न्हाई. तू आणायलास ना?" मी हो म्हणलो. दुसरं काय बोलू? तुमीच पाहुण्यांकडं जा, खरं सांगा, पाया पडतो तुमच्या.

पण हे पत्र टाकू कसं? तुमाला वाचता येत न्हाई. वाचून दाखवायला निकिताच बसंल.

म्हणून नुसते पैसेच पाठवायलोय.

तुमचा,
परमेश्वर

रुपये साडेचार हजार.