डुकरिणीच्या दुधात नसलेलं लोह

आई, आज पिल्लांच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि घरात सांगायला कुणी नाही, म्हणून तुला लिहिते आहे. कुणी नाही म्हणजे माणसं आहेत. पण जेवताना डुकरांचा विषय काढला की तुझा जावई ताट उचलून टीव्हीसमोर जातो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तू तरी आता उठून जाणार नाहीस.

शहराबाहेरच्या एका डुकरांच्या फार्मवर मी डॉक्टर म्हणून जाते. तिथं अंगावर पिणारी पिल्लं मरत होती. गुलाबी असायचे ते कान पांढरेफटक, चार पावलं चालली की धाप. डुकरिणीच्या दुधात लोह अगदीच कमी. मातीत तोंड खुपसणाऱ्या पिल्लांना ते मातीतून मिळतं. इथं खाली रोज धुतलेलं सिमेंट. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत पिल्लांनाच लोहाचं इंजेक्शन द्या, हे मालकाला सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. माणूस भला, पण ऐकेल तर शपथ. "मेडम, माँ को आयरन का पावडर खिला रहा ना मैं? दूध में आ जाता ना वो! इत्ते नन्हे बच्चों को सुई कायको?"

मला तूच दिसलीस. चिक्कडपल्लीच्या तुझ्या स्वयंपाकघरात मी बाळंतीण बसले आहे आणि तू हळिवाचा लाडू माझ्या तोंडात कोंबते आहेस. "खा गुपचूप. तू खाल्लंस तर लेकराच्या अंगी लागेल." मी म्हणते, सगळंच काही दुधात उतरत नाही, आई. तू पदर खोचतेस. "तुझं डुकरांचं डाक्टरपण माझ्या नातीला नक्को लावू!" लाडू मी खाल्ला. तुझ्यापुढे कुणाचं काय चालायचं!

मालकापुढे मात्र मी हटले नाही. म्हटलं, पुढच्या वेताची पिल्लं माझ्या हवाली करा. यातलं एक जरी मेलं तर या गेटात पुन्हा पाय ठेवणार नाही. घरी आल्यावर वाटलं, जरा जास्तच बोलले, पण बोलून बसले होते. किंचाळणारं एकेक पिल्लू मांडीत धरून मीच सुई दिली. दिलसुखनगरहून रोज सकाळी स्कूटर काढून त्यांचे कान बघायला जात होते. आज रिपोर्टात सगळ्यांचं हिमोग्लोबिन चढलेलं आहे, एकही दगावलं नाही. मालकाचा फोन आला, "मेडम, सब के कान लाल हो गए! अब पूरे शेड को लगाओ." उद्यापासून लावणार आहे. आणि त्यानं पुन्हा नुसत्या पावडरीवर भागवायचं म्हटलं, तर गाठ माझ्याशी आहे.

तू असतीस तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं. शेजारणींना तू सांगायचीस, गाई-म्हशींकडे जागा नव्हती, म्हणून बिचारी डुकरांकडे गेली. मी कधी खोडून काढलं नाही. जागा होती, आई. डुकरं मीच मागून घेतली होती. मला ती फार आवडतात.