मानेबद्दल मारलेली थाप

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार यावेळी मनातूनच. मान वाकवायला डॉक्टरांची बंदी आहे.

परवा फोनवर "दुखरी मान डॉक्टरांना दाखवून आलो" म्हणालो, तेव्हा मी बॅडमिंटनच्या कोर्टवरच होतो. मग जोडीदाराकडून मान पिळून कटकन मोकळी करून घेतली, स्मॅश मारला आणि डावी पापणी मिटू लागली. "पंडित, नाटकं पुरे, गाडीत बसा," म्हणत त्याने इस्पितळात आणलं.

मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली आहे. तिथे रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली तर अर्धांगवायू, म्हणून औषध चालू आहे. हातपाय शाबूत, वाचाळपणा पूर्ववत.

तुझे गुडघे कसे आहेत? आईला कळवू नकोस, असं लिहिणार होतो. पण माझ्यापायी तूही खोटं बोलावंस, हे मागायची लाज वाटते. तिला खरं सांग.

तुझा थापाड्या धाकटा