फेरपरीक्षेच्या पुस्तकांची तपासणी

३ मे
लेक सातवीत गणित आणि विज्ञानात गचकली. सोळा तारखेला फेरपरीक्षा. तीही गेली तर वर्ष पुन्हा. बायको हवालदिल. मी शांत. खरा दोष पुस्तकांचा. फरशीच्या कारखान्यात माल तपासण्यात माझी हयात गेली. खोट माझ्या नजरेतून सुटत नाही.

४ मे
दुकानातून सगळ्याच विषयांची पुस्तकं आणली, नापसंत ती परत करायच्या बोलीवर. ही म्हणाली, नापास दोन विषयांत झालीय, इतिहास-भूगोल कशाला? एकच कोपरा घासून फरशी चमकत नाही, हे तिला कोण सांगणार?
निश्चय : माझ्या तपासणीशिवाय लेकीच्या हाती एकही पुस्तक नाही.

६ मे
गणित : नववं उदाहरण, उत्तर चूक. (मी तीनदा केलं. तिन्ही वेळा वेगळं आलं, पण पुस्तकातलं एकदाही नाही.) रिजेक्ट. विज्ञान : बेडकाचा चेहरा संशयास्पद. रिजेक्ट. भूगोल : समुद्र फार निळा. विचाराधीन.

७ मे
तुलनेसाठी लेकीची शाळेची पुस्तकंही घेतली. घरचा दिवा मिणमिणता, म्हणून सगळा गठ्ठा कारखान्यात नेला. तिथे माझ्या टेबलावर उजेड फर्स्ट क्लास. लेक मागून काहीतरी म्हणत होती. बस सुटत होती.

१० मे
हिनं शेजारणीकडून जुनं गाइड आणलं. पेन्सिलीनं उत्तरं लिहिलेली. वापरलेला माल! तेही कारखान्यात. ही म्हणाली, "अहो, पोरगी परीक्षेला बसवायचीय, बाथरूमला फरशी नाही." जिभेला धार आहे, पण क्वालिटीतलं कळत नाही.

१२ मे
मुकादमाचं म्हणणं, तुमच्या टेबलावर फरशी दिसतच नाही. दुर्लक्ष. इतिहास फारच रंगलाय. गणित उद्या.

१४ मे, शनिवार
निवड पक्की. गणिताचं तेच घ्यायचं. नववं उदाहरण बरोबर होतं. मी भागाकार उलटा केला होता. माणसानं मन मोठं ठेवावं.
गठ्ठा आणायचा राहिला. उद्या आणतो. ताजं वाचलेलं जास्त लक्षात राहतं.

१५ मे, सकाळ
रविवार. कारखाना बंद.
दुपार
वॉचमन म्हणतो, साहेबांच्या परवानगीशिवाय गेट उघडणार नाही. म्हटलं, सातवीची पुस्तकं कोण चोरतं? म्हणाला, म्हणूनच संशय येतो. साहेब फोन उचलत नाहीत.
संध्याकाळ
मैत्रिणींनी आपली पुस्तकं केव्हाच शाळेत जमा केलीत. लेक आठवतील तशी सूत्रं कागदावर लिहितेय. रडत नाही. रडली असती तर समजूत तरी घातली असती. ही माझ्याकडे बघत नाही.

१६ मे
पेपर कसे गेले विचारलं. बरे, म्हणाली. बरे म्हणजे साठच्या पुढे.

२१ मे
निकाल. दोन्ही विषय गेले. पेपरांच्या दर्जाबद्दल शाळेकडे तक्रार करावी म्हणतो.
गठ्ठा घरी आणला. लेकीला म्हटलं, खचायचं नाही, नव्या वर्षाची पुस्तकं मी आत्तापासूनच निवडायला घेतो.
तिनं शाळेची पुस्तकं गठ्ठ्यातून एकेक करून काढून घेतली. म्हणाली, "बाबा, वर्ग तोच आहे. पुस्तकंही हीच."
मग ती आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली आईकडे दिली.