कोणीच वापरत नाही ती की

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार
कादंबरी आजपासून. रोज दोन पानं. रविवारच्या सुट्ट्या सोडल्या तरी ३१ डिसेंबरपर्यंत शहात्तर होतात.

मालक खलीलभाईंनी सकाळी बोलावून सांगितलं की लग्नसराईची गर्दी ओसरली की एकच ऑपरेटर ठेवणार. छपाईच्या दुकानात कॉम्प्युटर एक, माणसं दोन कशाला. ३१ तारखेला ठरवणार. सकाळच्या शिफ्टला नूरी असते, ती मराठी मॅटर करते, लग्नपत्रिका वगैरे. दुपारी मी. माझ्याकडे इंग्रजी: लूमवाल्यांची बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. मी घाबरलो नाही. मी बी.ए. आहे. नूरी बारावी.

नोकरी गेली तर बाबा मला अंजूरला काकांच्या गोडाऊनवर बसवणार. गेटवर. ट्रक आला, लिही. ट्रक गेला, लिही. तिथे कॉम्प्युटर नाही, आणि ही कादंबरी हाताने लिहिण्यासारखी नाहीच. भाषा मराठी, लिपी रोमन. हा प्रयोग आहे. मला मराठी कीबोर्ड येत नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

२० नोव्हेंबर
पानं: शून्य. पण कारण सापडलं.

विचार येतो तेव्हा मी बिलबुकात असतो. ते बाजूला सारून कादंबरीची फाईल उघडेपर्यंत विचार गेलेला असतो. उपाय एकच, हॉट की. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये असलो तरी एक की दाबायची, माझी वही हजर. परत दाबली, गायब. खलीलभाई मागे येऊन उभे राहिले तरी त्यांना बिलबुकच दिसणार. दोन दिवसांचं काम. मग रोज चार पानं. प्रोग्रॅम लिहायला कल्याणच्या मित्राकडून व्हिज्युअल बेसिक आणलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार
की चालते. फक्त माझी वही समोर उघडी असेल तरच चालते. म्हणजे मी लिहायला बसलो असेन तरच मला लिहायला बसता येतं.

२६ नोव्हेंबर
नवी पद्धत. टायमर लावला. तो सेकंदाला दहा वेळा मशीनला विचारतो, की दाबली का, दाबली का. मशीन बैलगाडीसारखं चालायला लागलं. शिवाय वही तर उघडते, पण त्या कीचं अक्षर खालच्या कामातही पडतं. सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगवाल्याच्या दोनशे कार्डांवर फोन नंबरच्या मधोमध तिरकी रेघ गेली. खलीलभाई बरंच बोलले. मी लक्ष दिलं नाही, तेव्हा मला एक वाक्य सुचत होतं. नंतर विसरलो.

२ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ५.४०
झालं.

टायमरची गरजच नव्हती. विंडोजकडे आधीच अर्ज करून ठेवायचा की ही की माझी. मग अख्ख्या मशीनमध्ये ती दुसऱ्या कोणालाच मिळत नाही. दाबली की थेट माझ्याकडे येते, वाटेत कुठे सांडत नाही.

पुस्तकात म्हटलंय कंट्रोल, आल्ट असं काहीतरी जोडीला घ्या. मी घेतलं नाही. विचार एका बोटाने येतो. फक्त की अशी हवी जी कोणीच वापरत नाही. संपूर्ण कीबोर्ड तपासला. एन्टरच्या डोक्यावर ती उलटी तिरकी रेघ आहे. डॉसमध्ये लागते, पण डॉस आता मेलं. तीच घेतली.

वही अदृश्य केली आहे. पडद्यावर काही दिसत नाही, पण की दाबल्यापासून परत दाबेपर्यंत जे टाइप होईल ते गुपचूप वहीत जमा. मशीन चालू झालं की प्रोग्रॅमही आपोआप चालू. खलीलभाईंना सांगितलं नाही. योग्य वेळी सांगेन.

४ डिसेंबर, बुधवार
वही उघडून पाहिली. दीड पान लिहिलेलं. मी लिहिल्याचं आठवत नाही.

wjke ;kaph f}rh; dU;k

दहा वेळा वाचलं. मधेच बंद होणारा तो महिरपी कंस. अर्धविरामाने सुरू होणारा शब्द. अर्थाला पूर्ण नकार. मी बिलबुकं करत असताना आतला कोणीतरी लिहीत होता, आणि की त्याने दाबली. मराठी फाईल चुकीच्या फॉन्टमध्ये उघडली की असंच काहीतरी दिसतं, पण ते निरर्थक असतं. हे तसं नाही.

नूरीने लिहिलं असेल का, असा विचार आला. शक्य नाही. तिला वही आहे हेच माहीत नाही.

९ डिसेंबर
पानं: अकरा. रोज दुपारी येतो तेव्हा नवीन तयार असतात. आता मुद्दाम काही लिहीत नाही. मध्ये येत नाही.

दुकानात गडबड आहे. नूरी म्हणते मशीन ओळी गिळतं. टाइप करता करता अर्धी ओळ पडद्यावर येतच नाही, आणि ळ तर अजिबात पडत नाही. जुन्या पत्रिकेतून एक ळ कॉपी करून आणते आणि जिथे लागेल तिथे चिकटवते. तासाभराचं काम अख्ख्या सकाळभर चालतं. खलीलभाईंना व्हायरसचा संशय आहे. कल्याणच्या रामनाथ इंजिनिअरला निरोप दिलाय, पण त्याला महिनाअखेरीशिवाय वेळ नाही. तोवर शोधायचं काम माझ्यावर. शोधूनच काढणार.

११ डिसेंबर
सगळ्या फाईली तपासल्या. व्हायरस नाही. माझा प्रोग्रॅम तपासला नाही, तो तर माझाच आहे. खलीलभाईंना रिपोर्ट दिला: मशीन ठीक आहे, टाइप करणाऱ्याने लक्ष द्यावं. नूरी पर्स उचलून गेली.

१४ डिसेंबर, शनिवार
आज तमाशा. अंजूरचे काळूराम पाटील पाचशे पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दुकानात. एक पत्रिका काढून खलीलभाईंसमोर धरली आणि मुलीचं नाव वाचायला सांगितलं. मुलीचं नाव कमळ. सगळीकडे ळ चिकटवलेला, नेमका तिथेच राहिलेला. चि. सौ. कां. कम.

काळूरामशेट आवाज न चढवता बोलले, त्याने जास्त भीती वाटली. "खलीलभाय, सोयरं विचारतान, पोरगी कम हाय काय? मी काय सांगू त्याना?"

नूरी दिवसभर बसली होती. माझी शिफ्ट सुरू झाली तरी बाकावर बसून काळ्या पेनाने पाचशे पत्रिकांत ळ काढत होती. मी म्हटलं, थोड्या मी करतो. एक केली. तिने बघितली आणि गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला. माझा ळ चारच्या आकड्यासारखा येतो.

वाईट वाटलं. पानं: चोवीस.

१७ डिसेंबर
खलीलभाईंनी ठरवलं. ३१ ला नूरी बंद. मी राहणार.

आनंद झाला नाही. थोडा झाला. नूरीचे अब्बा लूमवर होते, आता खोकल्यामुळे घरीच असतात, असं खलीलभाईच म्हणाले. म्हणाले, क्या करूं, धंदा है.

२१ डिसेंबर, शनिवार. दुपारी ३.००
लगेच लिहून ठेवतो.

नूरी जाणार, तिला काहीतरी द्यावं असं मनात आलं. कादंबरीची पहिली वाचक म्हणून तिचं नाव राहील. वहीतली सगळी पानं प्रिंट करून शिफ्ट बदलताना तिच्या हातात दिली. म्हटलं, समजून घेऊ नकोस, फक्त वाच.

तिने वाचलं. मोठ्याने. आपण पेपर वाचतो तसं, सहज.

"ूराम यांची द्वितीय कन्या. लग्नघटिका दुपारी बारा वाजून सव्वीस मिनिटं. धामणकर नाक्यावरून बसची सोय केली आहे."

पान उलटलं. पुढे वाचलं. आहेर आणू नये. मामाची किलबिल. तीन वर्षं रोज तेच टाइप करून अक्षरं तिच्या बोटांत बसली आहेत, तिला फॉन्ट लागत नाही. मग म्हणाली, "हे माझं आहे. काळूरामशेटची पत्रिका."

 तिने कुठून आलं विचारलं. मी एन्टरच्या वरच्या कीवर बोट ठेवलं. तिने माझ्या बोटाकडे बघितलं आणि म्हणाली, ळ.

तिच्या मराठी कीबोर्डवर ती की म्हणजे ळ.

"तू सांगशील का मी सांगू?" म्हणाली. मी म्हटलं, मी. आजच.

त्याच दिवशी, ५.१५
खलीलभाई नमाजला गेले. आल्यावर सांगतो.

६.३०
आले, पण सोबत पाहुणे होते.

२३ डिसेंबर, सोमवार
प्रोग्रॅम आता आपोआप चालू होत नाही असं करून ठेवलंय. पण काढला नाही. पुरावा लागेल. नूरीचं काम परत झपाझप होतंय. वाटलं, खलीलभाई हे बघून स्वतःच निर्णय बदलतील. ते म्हणाले, जायच्या वेळी सगळेच नीट काम करतात.

उद्या नक्की. कसं सांगायचं ते मुद्दे काढले. नऊ मुद्दे.

२५ डिसेंबर
सुट्टीचा मूड. अशा दिवशी नको.

२६ डिसेंबर
खलीलभाईंचं डोकं दुखत होतं. खरंच दुखत होतं, मी गोळी आणून दिली. तेव्हा सांगता आलं असतं. गोळी दिली, पाणी दिलं, ग्लास घेऊन परत आलो.

२८ डिसेंबर, शनिवार
जेवण जात नाही. डोळे मिटले की गेट दिसतं, ट्रक दिसतात. मग नूरीचा हात दिसतो, पेनाने ळ काढणारा. वहीतली एकेचाळीस पानं पडद्यावर उघडून बसलो. एक ओळ माझी नाही. फाईलमध्ये मी स्वतः काय लिहिलंय ते शोधलं. सापडलं. Ek divas mi. एवढंच.

नूरी शिफ्ट बदलताना आता विचारत नाही. खुर्ची सोडते आणि जाते. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी. आईशप्पथ.

३० डिसेंबर, सोमवार. दुपारी ४.००
सांगितलं.

मुद्दे कागदावरच राहिले. म्हटलं, खलीलभाई, नूरीची चूक नाही, ते मी केलं, मी एक प्रोग्रॅम बनवला, त्याने ळ अख्ख्या मशीनमधून काढून घेतला. ते चहा पीत होते. कप खाली ठेवला. नीट ऐकलं.

मग म्हणाले, "दौलत, तुला बिलबुकात नंबर ओळीने टाकता येत नाहीत."

मी म्हटलं, दाखवतो. मशीनसमोर बसवलं त्यांना. प्रोग्रॅम चालू करायला गेलो. नव्हता. वहीही नव्हती. डेस्कटॉप नवा कोरा. काल रविवारी रामनाथ इंजिनिअर येऊन अख्खं मशीन फॉरमॅट करून गेला होता. व्हायरस मिळाला म्हणून सांगून गेला. मराठी मॅटरची कॉपी नूरीने फ्लॉप्यांवर काढून ठेवली होती. माझ्या प्रोग्रॅमची कॉपी काढायची होती, ती राहिली.

तरी मराठी फॉन्ट उघडला आणि एन्टरच्या वरची की दाबली. खलीलभाई मान पुढे काढून बघत होते.

ळ आला. चांगला गोल, ठळक.

खलीलभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मऊ. म्हणाले, "लडकी की नोकरी बचाने को झूठ बोला. दिल का अच्छा है तू." मी म्हटलं, खोटं नाही. ते हसले. म्हणाले, व्हायरस होता म्हणजे नूरीची चूक नव्हतीच, तिला ठेवायलाच हवं. आणि तू स्वतःच्या तोंडाने जागा सोडतोयस, तर मी कशाला अडवू.

मी सोडत नव्हतो. पण तेव्हा तसं म्हणता येईना.

३१ डिसेंबर
शेवटची शिफ्ट. नूरी खुर्चीवरून उठली. विचारलं, सांगितलंस का. हो म्हटलं. मग? म्हटलं, त्यांनी विश्वास नाही ठेवला. म्हणाले, तुझ्याने होणार नाही.

नूरी हसली. पर्स टेबलावर ठेवून, दोन्ही हात तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सॉरी म्हणाली आणि परत हसली.

२ जानेवारी १९९७, गुरुवार. अंजूर
सकाळपासून अकरा ट्रक. सात आत, चार बाहेर.

काकांनी विचारलं तिकडची नोकरी का गेली. खरं ते सांगितलं. काका म्हणाले, राहू दे, नसेल सांगायचं तर. बाबांना खलीलभाईंनीच काहीतरी सांगितलंय. ते मला काही बोलत नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र सांगत सुटलेत, आमचा पोरगा लय मनाचा हाय.

ही डायरी कोणी वाचणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. प्रोग्रॅम माझाच होता. चालत होता.