समोरची खुर्ची

४ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा म्हणून पत्र लिहिते आहे. मी फोनवर नुसतं 'हं' करते, हा तुझा आरोप मान्य. समुपदेशन केंद्रात शिकाऊ म्हणून दिवसभर तेच करते, जिभेला वळणच पडलं आहे. काकांचा गुडघा कसा आहे? व्यायाम करतात की तुझ्यासमोर नाटक? तुला झोप लागते का? शेजारच्या काकूंशी अबोला मिटला का? त्याबद्दल तुला काय वाटतं?

इकडे सगळं ठीक. लोभ आहेच, तो उतू जाऊ द्यावा.

तुझी ठकी

११ फेब्रुवारी

चि. ठकीस, अ. आ.

तुझं पत्र काकांनी मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, की आपण हिचे पेशंट कधी झालो. सगळी प्रश्नांची सरबत्ती, आणि स्वतःबद्दल काय, तर 'इकडे सगळं ठीक'. तुला लहानाची मोठी मी केली आहे. शाळेत काही बिनसलं की घरी येऊन तू असंच माझं डोकं दुखतंय का ते विचारायचीस.

पुढच्या पत्रात एकही प्रश्न नको. फक्त स्वतःबद्दल लिही. तोवर गुडघ्याची बातमी बंद.

रागावलेली, पण तुझीच, आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

प्रश्नाशिवाय काय लिहायचं ते सुचेना, म्हणून उशीर झाला.

मी हे शिक्षण सोडायच्या बेतात आहे. लोकांची दुःखं ऐकून घरी येते आणि चहा गार होईपर्यंत नुसती बसून राहते. मैत्रिणींचे फोन घेत नाही. एक मुलगी दुपारी येते. इतके आठवडे झाले, माझ्याकडे बघत नाही. मान खाली, नाहीतर डोळ्यांवर हात. वाटतं, मलाच हे जमत नाही, उगाच तिचा वेळ घालवते आहे.

माझं काम तपासणाऱ्या मॅडम म्हणतात, शिकणाऱ्यानंही कुणापुढे तरी मन मोकळं करावं. मी वेळ नाही म्हणते. खरं तर लाज वाटते.

एवढं लिहिलं, रडले आणि पोटभर जेवले.

तुझी ठकी

२६ फेब्रुवारी

चि. ठकीस, अ. आ.

सोडायचं तर खुशाल सोड, इथं तुझी खोली झाडून ठेवली आहे. पण इतकी दमलेली असताना ठरवू नकोस. मला लिहिलंस तेवढंच मॅडमना सांग, मग बघू.

गुडघा सुधारला. काल काका स्वतः साखर घेऊन आले आणि आल्यागेल्या प्रत्येकाला ते सांगत सुटले.

सदैव तुझ्या बाजूची, आत्या

८ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मॅडमकडे गेले. त्यांच्या खोलीत रंगकाम चालू होतं, म्हणून माझ्याच खोलीत बसलो. त्या माझ्या खुर्चीत, मी समोरच्या. दुपारची वेळ. बसले आणि खिडकीतून ऊन थेट डोळ्यांत. मान खाली घातली, मग डोळ्यांवर हात धरला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की तू नजर टाळते आहेस.

मला ती मुलगी आठवली. मी इतकी हसले, की मॅडम घाबरल्या. हसता हसता रडूही आलं आणि मग सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला एका अनुभवी समुपदेशक बाईंकडे पाठवलं आहे. आता दर आठवड्याला तिथं जाऊन माझं गाऱ्हाणं मांडणार आहे.

मुलगी यायच्या आधी मी तिची खुर्ची फिरवून ठेवली. ती बसली, वर बघितलं आणि म्हणाली, की ताई, तुम्ही दमलेल्या दिसता. 'हं' अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, हो, दमले होते, आता बरी आहे. मग ती बोलायला लागली आणि वेळ संपली तरी थांबेना.

मी शिक्षण सोडत नाही. आत्या, तू माझे प्रश्न बंद केले नसतेस, तर मी त्या खुर्चीत कधी बसलेच नसते. तुझे उपकार फेडायचे नाहीत, ते असेच राहू देत.

आता एक प्रश्न विचारते, तोही माझ्यासाठीच. रविवारी घरी येऊ का?

तुझी ठकी